ब्याण्णव नंबरचं पार्सल

१

शनिवारी रात्री ऑगी वुकोविचच्या बोलिंग हॉलचं छप्पर बर्फाच्या ओझ्याने आत कोसळलं. हॉल तेव्हा बंद होता, म्हणून माणसं वाचली. रविवारी चर्चहून परतणारे लोक रस्त्यात थांबून पाहत राहिले. सगळ्या लेन तुळयांखाली गाडल्या गेल्या होत्या आणि एकाच लेनच्या टोकाला दहाच्या दहा पिना डोक्यावर बर्फ घेऊन जशाच्या तशा उभ्या होत्या.

सोमवारी ऑगी वॉल्ट पावलकच्या विमा कचेरीत गेला. तिथे त्याला कळलं की हॉलचा विमा उतरलेलाच नाही. जुन्या कंपनीचा विमा शुक्रवारी संपला होता. नवा वॉल्टकडून घ्यायचं ठरलं होतं, पण वॉल्टच्या संगणकात त्याचा मागमूस नव्हता.

"अरे, शुक्रवारी मी फोन केला होता!" ऑगी ओरडला. "तुमच्याकडची बाई म्हणाली, झालं म्हणून समज."

दुपारपर्यंत पश्चिम पेनसिल्वेनियातल्या त्या लहानशा ब्रॅडकिल गावात एकच नाव फिरू लागलं. रोंडा टिबेट.

रोंडा वॉल्टच्या कचेरीत पुढच्या काउंटरवर गाड्यांच्या नंबरप्लेटांचं काम करायची. या भागातल्या बऱ्याच विमा कचेऱ्या तेही काम करतात. मागच्या टेबलांवर विमा, पुढे नंबरप्लेटा. वयाच्या चोविसाव्या वर्षी रोंडा एका आजारी म्हातारीची देखभाल करत होती, तेव्हा तिने म्हातारीच्या चेकबुकातले चेक स्वतःच्या नावावर वटवले. शिक्षा झाली, ती तिने भोगली. त्याला आता वीस वर्षं होत आली होती. गेल्या उन्हाळ्यात ती विमा एजंटची परीक्षा पास झाली, पण परवाना मिळाला नव्हता. अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला त्यासाठी राज्याच्या विमा खात्याची लेखी संमती लागते. तिच्या अर्जाची सुनावणी याच गुरुवारी होती.

संमतीआधीच अशा माणसाने विम्याचं काम केलं, तर तो केंद्राच्या कायद्याने नवा गुन्हा ठरतो. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणजे ऑगीला "झालं म्हणून समज" असं रोंडाने सांगितलं असेल, तर गुरुवारी प्रश्न परवान्याचा उरणार नव्हता.

२

विमा खात्याचा तपासनीस डेल ऑस्ट्रॉम मंगळवारी आला. उंच, वाकलेला, अंगात जुना ओव्हरकोट. रोंडा नंबरप्लेटांच्या काउंटरमागे बसली होती. तिला कामावरून काढलेलं नव्हतं, पण सकाळपासून तिच्याशी कोणी बोललंही नव्हतं.

"विचारा," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार, तुम्ही मान हलवणार, आणि गुरुवारी ते लोक माझी जुनी केस काढून बसणार. चला, उरकून टाकू."

"शुक्रवारी संध्याकाळी इथे कोण होतं?"

"मी एकटी. लेंटचे उपवास चालू आहेत ना, शुक्रवारी मटण वर्ज्य. ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी सगळं गाव चर्चच्या तळघरात मासे खायला जातं. वॉल्ट आणि त्याची मुलगी टॅमी चार वाजताच गेले. दुसरी एजंट बर्नाडेट तर दुपारच्या जेवणानंतरच गेली होती, ती तिथे काम करते."

"आणि फोन?"

"वाजलाच नाही."

डेलने खिशातून चष्मा काढला. "फोन कंपनी म्हणते, पावणेपाचच्या सुमारास ऑगीच्या हॉलमधून याच नंबरवर फोन आला. तो उचलला गेला. तीन-चार मिनिटं बोलणं झालं."

रोंडाने दोन्ही हात काउंटरवर सपाट ठेवले, झडती देताना ठेवतात तसे.

"मिस्टर ऑस्ट्रॉम, या फोनवर मला एकच वाक्य बोलायची परवानगी आहे. वॉल्टच्या वकिलाने पाठ करून घेतलंय. 'मी रोंडा, माझ्याकडे परवाना नाही, विम्याबद्दल मी बोलू शकत नाही, तुमचं नाव सांगा.' गावातली पोरं मुद्दाम फोन करून ते ऐकतात आणि हसतात. माझी बहीण ख्रिसमसला फोन करते तेव्हासुद्धा मी आधी ते म्हणते. आणि मी ऑगीला छपराचा विमा तोंडी विकेन? सुनावणी आठवड्यावर आलेली असताना?"

"मग फोन उचलला कोणी?"

"मला काय माहीत! मलाच ते विचित्र वाटत होतं. वादळाचा अंदाज होता, अशा दिवशी लोक फोन करकरून जीव खातात. बंद पडलाय की काय म्हणून मी रिसीव्हर उचलून पाहिला. आवाज येत होता. आधी उचकी लागल्यासारखा तुटक, मग सरळ. म्हटलं चालू आहे, ठेवून दिला." ती हसली, पण ते हसू नव्हतं. "हे असलं सांगून कोण सुटलंय? फोन होता, मी होते, आणि वाजला नाही म्हणे."

डेलने मान हलवली. तिने सांगितलं होतं अगदी तशीच.

"एक विचारू?" तो निघताना ती म्हणाली. "हे मला पुन्हा आत पाठवतील का?"

"ते मी ठरवत नाही," तो म्हणाला. हे उत्तर त्याने आजवर अनेकांना दिलं होतं, आणि ते घेऊन घरी जाणं त्याला कधी सोपं गेलं नव्हतं.

३

वॉल्ट पावलक सत्तरीचा, गुबगुबीत आणि घामाघूम झालेला. त्याची मुलगी टॅमी हीच आता विम्याचा धंदा बघत होती. वॉल्टसारखाच तिच्याकडेही परवाना होता, आणि कंपन्यांशी बोलणं, तोंडी विमा लागू करण्याचा अधिकार, सगळं तिच्याकडे.

"मला रोंडाबद्दल वाईट वाटतंय," टॅमी म्हणाली. "खरंच. तिला संधी द्यायला डॅडला मीच सांगितलं. पण सवय हो, दुसरं काय. मोठं व्हायची घाई झाली असेल. एजंट झाल्यासारखं बोलून बघावंसं वाटलं असेल."

"तुम्ही त्या वेळी कुठे होता?"

"चर्चच्या तळघरात, रांगेत. अर्ध्या गावाने पाहिलंय. डॅड टेबल धरून बसले होते."

"हो, हो," वॉल्ट म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"गेल्या वर्षीही एक गडबड झाली होती ना तुमच्याकडे?"

टॅमीचा चेहरा आक्रसला. "एका ट्रकचे कागद माझ्याकडून पाठवायचे राहिले. कंपनीने ताकीद दिली. पुन्हा झालं तर आमच्याशी व्यवहार बंद, म्हणाले. त्याचा इथे काय संबंध?"

डेलने ते वहीत टिपलं.

बर्नाडेट सोबोटा शेवटच्या टेबलावर होती. तीस वर्षं या धंद्यात असलेली एजंट, केस लोखंडी रंगाचे. तिचा आवाज इतका बसलेला होता की डेलला खुर्ची जवळ ओढावी लागली.

"सर्दी?"

"सर्दी कसली. शुक्रवार." तिने खोकल्याची गोळी तोंडात टाकली. "गुरुवार उजाडेपर्यंत असंच. विचारा, काय विचारायचंय ते."

"रोंडा तुम्हाला आवडत नाही असं कळलं."

"बरोबर कळलं. माझी आई शेवटी अशाच एका बाईच्या हातात होती. हसून बोलायची, आणि आईच्या बांगड्या गेल्या. वॉल्टला मी पहिल्याच दिवशी म्हटलं, ही आली तर माझं टेबल उचल."

"तरी तुम्ही आहात अजून."

"टेबल जड आहे," बर्नाडेट म्हणाली.

"ऑगीशी तुम्ही तर बोलला नाहीत ना?"

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मी चर्चमध्ये होते. कोणालाही विचारा. बहिऱ्यालासुद्धा."

दारापाशी डेलला वॉल्टने गाठलं. "बर्नाडेटचं मनावर घेऊ नका," तो कुजबुजला. "पण एक सांगतो. रोंडाला घालवायचं तिने फार मनावर घेतलं होतं. तिच्या मोबाईलवर इथले फोन..." तो एकदम थांबला.

"इथले फोन काय?"

"काही नाही," वॉल्ट म्हणाला आणि आत गेला.

४

ऑगी ढिगाऱ्यातून बोलिंगचे बूट गोळा करत होता. जोड्या जुळवून एका फळीवर मांडत होता. समोर अख्खं छप्पर पडलेलं असताना हे काम कशासाठी, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"ती बाई काय म्हणाली, आठवेल तसं सांगा," डेल म्हणाला.

"मी म्हटलं, जुना विमा आज संपतोय आणि वर बर्फ येतोय, माझं काय? ती म्हणाली, काळजी करू नकोस ऑगी, आज रात्री बारा वाजून एक मिनिटापासून तू आमच्याकडे. कागद सोमवारी करू."

डेल मनातून खचला. बारा वाजून एक मिनिट. विमा कधी सुरू होतो हे सांगायची या धंद्याची पद्धत. धंद्याबाहेरचा माणूस मध्यरात्र म्हणेल, आज रात्री म्हणेल, ते एक मिनिट जोडणार नाही. पण रोंडा परीक्षा पास झालेली होती. हे तिलाही पाठ असणार.

"आवाज ओळखलात?"

"अहो, चाळीस वर्षं या खडखडाटात काढली. बायकोचा आवाज ओळखतो, तोही ती चिडली असेल तरच. त्यात पलीकडे नुसता गोंगाट. कोणीतरी बाई आकडे ओरडत होती. नव्वद, एक्क्याण्णव... मला वाटलं माझ्याच हॉलमधला आवाज, कोणी गुण मोजतंय."

"मोजत होतं?"

ऑगीचा हात बुटावर थांबला. "नाही. गिऱ्हाईकच नव्हतं. सगळे मासे खायला गेले होते."

"पुढे?"

"पुढे ब्याण्णव ऐकू आलं आणि ही मध्येच म्हणाली, 'तो माझा, थांब जरा.' मला वाटलं दुसरा फोन आला असेल. मग परत आली, म्हणाली झालं, आणि ठेवला."

डेल एक पाऊल जवळ आला. "सुरुवातीला 'मी रोंडा, माझ्याकडे परवाना नाही' असं काही?"

"नाही. ते वाक्य मी ओळखलं असतं. माझा नातू त्याची नक्कल करतो."

"मग ती रोंडा होती हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"टॅमीने. सोमवारी. म्हणाली, शुक्रवारी कचेरीत रोंडा एकटीच होती, म्हणजे तीच असणार, तसंच सांग चौकशीत. मी म्हटलं असेल बुवा."

"ऑगी, बिनपरवान्याच्या बाईने तोंडी विमा दिला असेल तर कंपनी तुम्हाला एक डॉलर द्यायची नाही. परवाना असलेल्या एजंटने दिला असेल, तर तुमचं छप्पर शुक्रवारी रात्रीपासून विम्यात आहे. कळलं का तुम्ही काय बोलत होता ते?"

ऑगीच्या हातातला बूट खाली पडला.

"त्या टॅमीने माझ्या तोंडूनच मला बुडवलं?" तो म्हणाला.

५

बुधवारी सकाळी चर्चच्या तळघरात बायका लांब टेबलांभोवती उभ्या राहून शुक्रवारसाठी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरत होत्या. उकडलेल्या बटाट्याचा आणि कांद्याचा वास भरून राहिला होता. भिंतीशी मायक्रोफोन होता आणि पैसे घेण्याच्या खिडकीपाशी नंबरांच्या चिठ्ठ्यांचं रीळ.

"तुमचा नंबर पुकारला की पार्सल घ्यायचं," एका बाईने डेलला समजावलं. "बाबा, कोट काढा, पीठ लागेल."

"आणि नंबर पुकारतं कोण?"

"बर्नाडेट. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही मायक्रोफोनला. घसा बसतो तरी ऐकत नाही."

दुपारी डेलने तिघांना कचेरीत बसवलं. वॉल्ट, टॅमी, बर्नाडेट. रोंडाला त्याने काउंटरमागेच राहू दिलं, पण मधलं दार उघडं ठेवलं.

"ऑगीने फोनवर आकडे ऐकले," तो म्हणाला. "या कचेरीत आकडे कोणी पुकारत नाही. शुक्रवारी संध्याकाळी गावात एकाच ठिकाणी पुकारले जातात. म्हणजे फोन केला इथे, पण उचलला गेला चर्चच्या तळघरात. रोंडाने रिसीव्हर उचलला तेव्हा तिला तुटक आवाज आला. या लाइनवर येणारे फोन दुसरीकडे वळवले की तसा आवाज येतो. ती खरं सांगत होती. फोन वाजला नाही."

तो वॉल्टकडे वळला.

"वॉल्ट, वकिलाने सांगितलं होतं ना, रोंडा एकटी असेल तेव्हा फोन तिच्या हातात ठेवू नका म्हणून?"

"तिला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नव्हतं," वॉल्ट पुटपुटला. "आम्ही गुपचूप वळवायचो."

"तिच्यावर आळ येऊ नये म्हणून केलेली सोय. तीच तिच्या गळ्याशी आली. आता, वळवला कोणाकडे? काल तुम्ही बर्नाडेटच्या मोबाईलचं नाव काढलंत."

बर्नाडेटने मान वर केली. वॉल्टने तिच्याकडे पाहिलं नाही.

"पण बर्नाडेट असूच शकत नाही. ऑगीच्या फोनमध्ये जी बाई आकडे ओरडत होती, ती बर्नाडेट. एकाच वेळी कोणी मायक्रोफोनवर ब्याण्णव पुकारून फोनवर 'तो माझा, थांब जरा' म्हणत नाही. तो नंबर रांगेतल्या बाईचा होता. बर्नाडेट, ब्याण्णव नंबरचं पार्सल कोणी घेतलं?"

"मला नंबर लक्षात राहत नाहीत," बर्नाडेट बसक्या आवाजात म्हणाली. ती टॅमीकडे बघत होती. "पण एक बाई कानाला मोबाईल लावून आली आणि मासे न्यायला तिला हात पुरेनात. मी माईकवरूनच म्हटलं, टॅमी, फोन ठेव, मागे रांग आहे. सगळं तळघर हसलं. आठवतंय ना, टॅमी?"

टॅमीने तोंड ओंजळीत लपवलं.

"एका मिनिटाचं काम होतं," ती म्हणाली. "घरी जाऊन करणार होते. मग मुलाला ताप आला, मग बर्फ... आणि रविवारी ते छप्पर. कंपनीने या वेळी आम्हाला काढूनच टाकलं असतं. आणि हिचं तर आधीच... हिला असंही कोण परवाना देणार होतं?"

उघड्या दारात रोंडा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"धंदा वाचवायला तू मला तुरुंगात घालणार होतीस," ती शांतपणे म्हणाली. "तुझं चॉकलेट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, टॅमी. परीक्षा पास झाले तेव्हा दिलेलं. मी खाल्लं नव्हतं."

डेलने कागद गोळा केले. "उद्याच्या सुनावणीत हे सगळं मांडलं जाईल. रोंडाने कायदा मोडलेला नाही."

"उद्या मी येणार नाही," वॉल्ट एकदम म्हणाला. "कळवून टाका त्यांना. मी तिला नोकरी देणार म्हणून हमी दिली होती, ती मी काढून घेतोय. माझ्या मुलीला बुडवणाऱ्या सुनावणीत मी हिच्या बाजूला बसू?"

रोंडाने दाराची चौकट धरली. नियम तिला तोंडपाठ होता. हमी देणारा परवानाधारक नसेल, तर अर्ज ऐकून घेतलाच जात नाही. पुन्हा अर्ज करायला नवा मालक हवा, आणि शिक्षा झालेल्या बाईला विमा कचेरीत घेणारा वॉल्ट तिला अकरा नकारांनंतर मिळाला होता.

ती निर्दोष ठरली होती आणि दार तरीही बंद झालं होतं.

६

सुनावणीची खोली लहान होती. टेबलापलीकडे समितीचे तिघं. अध्यक्ष मिसेस फेंटन यांनी डेलचा अहवाल शेवटपर्यंत वाचला आणि चष्मा काढला.

"मिस टिबेट, शुक्रवारच्या प्रकरणात तुमच्यावर काही ठपका नाही. ते आम्ही नोंदवतो." त्या थांबल्या. "पण मिस्टर पावलक यांनी हमी मागे घेतली आहे. तुम्हाला माहीत आहे याचा अर्थ."

"माहीत आहे."

"काही सांगायचंय?"

रोंडाने तयारी केली होती. आरशासमोर म्हणून पाहिलेलं भाषण होतं, वीस वर्षांबद्दल, त्या म्हातारीच्या मुलाला तिने पाठवलेल्या पैशांबद्दल, ते त्याने परत पाठवल्याबद्दल. त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

"मी दुसरं काही शिकलेच नाही," ती म्हणाली. "मी पंचेचाळीसची होईन आता. एवढंच."

मिसेस फेंटन यांनी पेन उचललं. तेवढ्यात दार उघडलं.

बर्नाडेट सोबोटा आत आली. केसांवर अजून जाळी होती आणि कोटाच्या बाहीला पीठ. आत कोणी बसायला सांगायच्या आधीच ती रोंडाच्या बाजूची खुर्ची ओढून बसली.

"मी बर्नाडेट सोबोटा. उशीर झाला," ती म्हणाली. आवाज आता जवळजवळ मोकळा झाला होता. "रस्ता साफ नव्हता. वॉल्टकडचं टेबल मी काल उचललं. माझा परवाना आहे, माझी स्वतःची कचेरी काढतेय. हिला मी घेते."

समितीतल्या एकाने कागद चाळले. "मिसेस सोबोटा, आमच्या कागदांवरून असं दिसतं की तुम्ही हिच्या नेमणुकीला विरोध केला होता."

"केला होता."

"आता तुमचा हिच्यावर विश्वास बसला?"

"नाही," बर्नाडेट म्हणाली.

रोंडाने डोळे मिटले.

"माझ्या आईच्या बांगड्या परत आलेल्या नाहीत, त्यामुळे विश्वासाचं मला विचारू नका. पण तीस वर्षांत माझ्याशेजारी बसलेल्या माणसांत खोटं कोणी बोललं ते आता मला माहीत आहे, आणि ती ही नव्हे. हमी म्हणजे मी हिच्यावर नजर ठेवीन असं लिहून द्यायचं असतं ना? मग माझ्यापेक्षा बरी नजर कोणाची सापडणार तुम्हाला?"

मागच्या भिंतीशी डेल ऑस्ट्रॉम खाली बघून गालातल्या गालात हसला.

मिसेस फेंटन यांनी दोन्ही सहकाऱ्यांकडे पाहिलं. एकाने खांदे उडवले, दुसऱ्याने मान डोलावली. मग त्यांनी हमीच्या जागी असलेलं वॉल्टचं नाव खोडलं.

"नव्या कचेरीचा पत्ता?"

"माझी पुढची खोली. चेस्टनट रस्ता, चर्चच्या मागे." बर्नाडेटने पर्समधून खोकल्याची गोळी काढली आणि जरा थांबून दुसरी रोंडापुढे ठेवली. "शुक्रवारी दुपारनंतर मी नसते. तेव्हा फोन हिलाच घ्यावा लागेल. म्हणून म्हणते, संमती आजच लिहून द्या."